काटकोन मास्तरांचा पंखा

काटकोन मास्तरांना बाहेरच्या खोलीत पंखा बसवायचा होता. एवढंच. राजवाडा बांधायचा नव्हता, नदीवर पूल घालायचा नव्हता, कुणाचं राज्य उलथवायचं नव्हतं. तीन पात्यांचा, पांढऱ्या रंगाचा, छताला टांगायचा एक पंखा. पण मधल्या माणसाने काही करायला घेतलं की वरचे आणि खालचे दोघेही त्यात नाक खुपसतात, आणि मास्तर तर राहायलाच मधल्या मजल्यावर होते. सात मजल्यांची इमारत, त्यातला चौथा. वर तीन, खाली तीन. "वर टाकी गळते, खाली गटार तुंबतं, आपल्याला दोन्ही नाही," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे नसले तर बायकोला सांगत.

काटकोन हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. मास्तर भूमिती शिकवत. जमिनीशी नव्वद अंशांत उभे राहत, नव्वद अंशांत चालत, आणि खुर्चीत बसले की एक काटकोन कमरेत आणि एक गुडघ्यात, असे दोन होत. पोरांच्या तोंडचं नाव जिन्याने चढत चढत इमारतीत आलं आणि राहिलं. मास्तरांना त्याचा राग नव्हता. नावं ठेवणारे लोक कुठपर्यंत जातात हे त्यांनी पाहिलं होतं. त्या मानाने काटकोन म्हणजे सन्मानपत्रच.

पंख्याचं कारण कन्या. कन्येचं लग्न ठरलं होतं, म्हणजे तिनेच ठरवलं होतं, आणि होणारे व्याही आणि विहीणबाई महिन्याभराने एका रविवारी दुपारी चहाला येणार होते.

"अहो, तो टेबलफॅन काढा तिथून," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सारखी मान हलवतो. पाहुण्यांना वाटेल, हे स्थळ नको म्हणतोय."

तेव्हा पंखा आला. मग वायरमन आला. त्याने शिडी उघडली, दोन पायऱ्या चढला आणि डोकं चोळत खाली उतरला.

"काय झालं?"

"आपटलं, सर."

"कशाला?"

"छताला."

"शक्य नाही," मास्तर म्हणाले. "या खोलीची उंची दहा फूट आहे. घर घेतलं तेव्हा मी स्वतः मोजली होती."

"तेव्हा असेल," वायरमन म्हणाला. त्याने शिडी मिटून दाराशी ठेवली, एका साध्या स्टुलावर उभा राहिला आणि आरामात पंखा टांगला. मग मान वाकडी करून पात्यांकडे पाहिलं. "दांडी कापावी लागेल हो. नाहीतर घरातल्या माणसांना कापेल."

दांडी कापली. कापलेला तुकडा मास्तरांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली ठेवला. मधल्या मजल्यावरचा माणूस काही टाकत नाही. कधीतरी उपयोगी पडेल, या एका वाक्यावर त्याचं निम्मं घर भरलेलं असतं.

आठवडाभर पंखा झकास चालला. मग एका सकाळी मास्तर उभ्या उभ्या वर्तमानपत्र वाचत असताना पंख्याने ते त्यांच्या हातून घेतलं. ओढलं नाही, हिसकावलं नाही. शेजाऱ्याने "जरा बघू" म्हणून घ्यावं तसं घेतलं, आणि तुकडे करून खोलीभर वाटलं. दोन दिवसांनी मास्तरीणबाईंच्या अंबाड्यातली पिन गेली.

"बाबा, छत खाली आलंय," कन्या म्हणाली.

"हळू बोल! लोक ऐकतील."

आता हे वाक्य म्हणजे मास्तरांच्या घरचा मंत्रच होता. दूधवाल्याची उधारी राहिली, हळू बोल. औषध निम्मंच आणलं, हळू बोल. मास्तर ज्या शाळेत शिकवत ती महागडीही नव्हती आणि फुकटही नव्हती, त्यामुळे ज्यांना परवडे ते महागड्या शाळेत आणि ज्यांना न परवडे ते फुकटच्या शाळेत निघून गेले होते, आणि वर्गात आता मधले बाक रिकामे असत. हेही घरात हळूच बोललं जाई. त्या घरात जोरात फक्त एकच वाक्य म्हटलं जाई, दार उघडं ठेवून: "आपल्याला देवदयेने काही कमी नाही!"

वायरमन पुन्हा आला. या वेळी स्टूलसुद्धा आणलं नाही. दुसरा तुकडा कापला, मग पुढल्या खेपेला तिसरा. तिन्ही तुकडे पलंगाखाली. पंखा आता छताला पाल चिकटावी तसा चिकटला होता, आणि मास्तर त्याच्याखालून जाताना किंचित मान झुकवत.

"मी विचार करत चालतो हल्ली," ते म्हणत.

विचार करायला कारणही होतं. शयनगृहात मास्तरांच्या आईचं जुनं लाकडी कपाट होतं. दुपारी घर शांत असलं की ते कण्हायचं. लाकूड तडकतं तसा आवाज नव्हता तो. डोक्यावर पोतं घेतलेला माणूस जिना चढताना घशातून जसा आवाज काढतो, तसा होता. मास्तरांनी कपाटाच्या माथ्यावर हात घालून पाहिला. पूर्वी तिथे दोन ट्रंका मावत. आता बोटं गेली, पण मनगट गेलं नाही. आणि छत, मी सांगतो ते खोटं वाटेल, छत कोमट होतं. आणि त्याच्या पलीकडे कुणीतरी सावकाश, भरल्या पोटाने चालत होतं.

मजल्यावर त्यांच्याशिवाय दोन घरं होती. त्यातले बँकवाले गेल्या वर्षी वर गेले, म्हणजे पाचव्या मजल्यावर, शेटजींच्या शेजारी. बरे होते, हसतमुख होते. वर गेल्यावर लिफ्टमध्ये भेटले की आकाशाकडे पाहत. मास्तरांनी एकदा धीर करून विषय काढला.

"थोडं कर्ज काढा आणि वर या, मास्तर," बँकवाले म्हणाले. "वर काय हवा आहे! आमच्या छताला तर दिवा लावायला माणूस बोलवावा लागतो."

"आणि नाही झेपलं तर?"

"तर थेट खाली. मधे उतरायची सोय आता राहिली नाही."

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचा सल्ला उलटा. त्यांच्याकडे एकेका खोलीत एकेक कुटुंब होतं, आणि खाटेवर खाट लावलेली. "या की आमच्यात! मान खाली घालून चाललात तरी कुणी विचारत नाही. इथे सगळ्यांचीच खाली. तुमचं दुखणं काय ठाऊक आहे का मास्तर? तुम्हाला वाकायचंही नाही आणि वाकलेलं दिसायचंही नाही."

मास्तरांना हे बोलणं लागलं. त्यांनी मावशींना समांतर रेषांचा गुणधर्म सांगितला आणि ते वर आले.

राहिलं तिसरं घर, भिंतीला भिंत लागून. तिथे टायपिंगवाले काका राहत. घरातच त्यांचा टायपिंगचा क्लास. शिकणारं आता कुणी नव्हतं, पण मशीनला गंज चढू नये म्हणून काका स्वतःच रोज दुपारी टाइप करत. टकटक, टकटक, मग ओळ संपली की टिंग. या मजल्यावरचं घड्याळच ते.

काका एका संध्याकाळी जिन्यात भेटले. कमरेतून वाकलेले होते.

"मास्तर, हिशेब सोपा आहे," ते म्हणाले. "इमारत होती तेवढीच आहे. वरच्या शेटजींनी छतं उंच केली, झुंबरं टांगली, आता घरात पोहायचं तळं केलंय म्हणतात. खालच्यांना तर अजून दाबायला जागाच नाही. मग वरची उंची आली कुठून? आपण दोघं मिळून तक्रार करू. दोन सह्या असल्या की कागद जड होतो."

"तक्रार?" मास्तरांनी मागेपुढे पाहिलं. "म्हणजे लोकांना कळेल हो."

"लोकांना म्हणजे कुणाला? मजल्यावर आपण दोघंच उरलोत!"

"बघू," मास्तर म्हणाले. "पाहुणे येऊन जाऊ देत."

त्याच आठवड्यात एका सकाळी मास्तर दूध घ्यायला दार उघडून बाहेर आले, तर काकांचं दार नव्हतं. बंद नव्हतं, कुलूप नव्हतं. नव्हतंच. तिथे भिंत होती, नीट रंगवलेली, इतर भिंतीसारखीच. फक्त काकांच्या नावाची पाटी जिथे असायची तिथे एक खिळा होता. मास्तरांनी भिंतीला हात लावला. रंग सुकलेला होता, वर्षानुवर्षं तिथेच असल्यासारखा.

वॉचमनला विचारलं. "गेले असतील कुठेतरी," तो म्हणाला. "हल्ली बरेच जातात."

"पण सामान नेताना पाहिलंस का?"

"सामान होतं का त्यांना?"

आणि दुसऱ्या दुपारी, नेहमीच्या वेळी, भिंतीतून आवाज आला. टकटक, टकटक.

मास्तरीणबाईंच्या हातातला कप थांबला. कन्येने बापाकडे पाहिलं.

"उंदीर," मास्तर म्हणाले.

"उंदीर ओळ संपल्यावर टिंग करतात?"

"उंदरांनासुद्धा शिस्त असते," मास्तर म्हणाले, आणि बाजारातून पिंजरा घेऊन आले. भिंतीच्या तळाशी एक भेग पडली होती, तिच्यापाशी त्यांनी पिंजऱ्यात पावाचा तुकडा लावून ठेवला. सकाळी पाव नाहीसा, पिंजरा उघडा, उंदीर नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मास्तरांना त्या उंदराबद्दल आदर वाटू लागला. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी पाव बंद केला. कौतुकालाही परवडण्याची मर्यादा असते.

एवढं झाल्यावर मात्र ते, घरात न सांगता, शाळेतून परस्पर इमारत-उंची कार्यालयात गेले. कार्यालयाला दोन खिडक्या होत्या. एका खिडकीवर पाटी "वरचे मजले", दुसरीवर "खालचे मजले". वरच्या खिडकीशी गाद्यांच्या खुर्च्या होत्या आणि रांग नव्हती. खालच्या खिडकीशी रांग होती आणि खुर्च्या नव्हत्या. मास्तर दोन खिडक्यांच्या बरोबर मधोमध जाऊन उभे राहिले. समोर भिंत होती. शेवटी वरच्या खिडकीत डोकावले.

"कितवा मजला?"

"चौथा. मधला."

"इथे छत वाढवायची परवानगी मिळते. वाढवायचंय?"

"वाढवायचं नाही. होतं तेवढं हवंय."

"तशी परवानगी नसते. तिकडे विचारा."

तिकडे रांगेत उभं राहून विचारलं. "छत पडलंय का?" आतला कारकून म्हणाला.

"पडलं नाही. खाली आलंय."

"मग पडलं की या."

मास्तरांनी आयुष्यात प्रथमच खिडकीवर मूठ आपटली, अर्थात हलकेच, आवाज होणार नाही अशी. कारकुनाला त्यांची दया आली असावी. "पाहणीला निरीक्षक पाठवतो," तो म्हणाला. "कधी ते सांगता येत नाही."

इथे मास्तरांच्या हातून ती चूक झाली, जी दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. शेटजींनी अशा वेळी आरडाओरडा केला असता. मावशींनी रस्त्यावर येऊन छाती पिटली असती. मास्तरांनी सुतार बोलावला. पाहुणे यायचे होते, आणि ठेंगण्या खोलीत उंच कपाट, उंच टेबल, उंच दार, हे सगळं ओरडून सांगत होतं की काहीतरी बिघडलंय. म्हणून त्यांनी कागदावर घराची आकृती काढली आणि प्रत्येक वस्तूचं नवं माप लिहिलं. समरूप आकृत्या! सगळ्या बाजू एकाच प्रमाणात कमी केल्या की आकार लहान होतो, पण दिसतो तस्साच. कपाटाचे पाय गेले, टेबलाचे गेले, खुर्च्या बसक्या झाल्या, दार खालून कापलं, भिंतीवरची तसबीर लहान चौकटीत गेली. सुताराने कपाटाला करवत लावली तेव्हा ते कण्हायचं थांबलं. मास्तरीणबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

"बाबा, आपण हे लपवतोय कुणापासून?" कन्या म्हणाली. तीही आता केस मोकळे सोडत नसे, पंख्याची भीती. "सरळ सांगा ना त्यांना. नाही पटलं तर नाही पटलं."

"तुझं लग्न मोडलं तर?"

"ते लग्न माझ्याशी करतायत की छताशी?"

"हळू बोल," मास्तर म्हणाले.

आणि निरीक्षक नेमका त्यानंतर आला. गोल, गुबगुबीत गृहस्थ. मुळातच बुटका, त्यामुळे त्याला काही जाणवेना. बसक्या खुर्चीत बसला आणि डोळे मिचकावत पाहू लागला. "दाराच्या मानाने खिडकी ठीक. खिडकीच्या मानाने कपाट ठीक. कपाटाच्या मानाने तुम्ही जरा उंच वाटता, पण तो तुमचा घरगुती प्रश्न. तक्रार कशाची आहे?"

"अहो, फूटपट्टी लावा ना!"

"पट्टीने आम्ही एकेक घर मोजत नाही. आम्ही सरासरी काढतो." त्याने बोटांवर काहीतरी केलं. "तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांची मिळून सरासरी उंची गेल्या काही वर्षांत वाढलीय, मास्तर. अभिनंदन! शेटजींच्या झुंबरामुळे फार फरक पडला."

मास्तर गणिताचे. सरासरी बरोबर होती. बरोबर उत्तराशी भांडायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी निरीक्षकाला चहा पाजला, दारापर्यंत पोचवलं, आणि परत येताना पहिल्यांदाच लक्षात आलं की आपण वाकून चालत नाही आहोत, वाकलेलेच आहोत.

रविवार उजाडला. लिफ्टमधलं चारचं बटण केव्हाच गेलं होतं. तिथे एक गुळगुळीत गोल भाग होता, पापणी मिटल्यासारखा. मोबाइलची रेंज पाचव्यावर येई, तिसऱ्यावर येई, मधे येत नसे. खिडकीचं तोंड टपालपेटीच्या फटीएवढं उरलं होतं. पण टेबलावर नवं कापड होतं, बशीत बिस्किटं होती, आणि सगळ्यांनी पाठ करून ठेवलं होतं की पाहुण्यांसमोर उठायचं नाही, बसूनच हसायचं. उठलं की उघडं पडणार.

दार वाजलं. कन्येने उघडलं. होणारे व्याही आत आले, मागून विहीणबाई. दोघेही चौकटीतून असे सराईत वाकून आले, की मास्तरांना वाटलं, हे आधी कधी येऊन गेलेत की काय!

"वा, वा," व्याही बसता बसता छताकडे पाहून म्हणाले. "काय मोकळं घर आहे हो!"

मास्तरांनी कान टवकारले. टोमणा असावा. पण व्याह्यांच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं. विहीणबाई पंख्याकडे पाहत राहिल्या. "आमचा काढावा लागला," त्या म्हणाल्या, आणि जीभ चावली.

"हळू बोल," व्याही पुटपुटले.

पंखा फिरत होता. मास्तरीणबाईंनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंची मान एका बाजूला कायमची कललेली होती. "तुम्ही कितव्या मजल्यावर?" मास्तरीणबाईंनी हळूच विचारलं.

"पाच मजली आहे ना आमची," विहीणबाई म्हणाल्या. "तिसऱ्या."

"म्हणजे मधल्या!" मास्तर ओरडले.

"आम्ही तर घरात बसूनच असतो," व्याही म्हणाले आणि एकदम हसू लागले. "मुलगा म्हणाला होता, बाबा, तिथे गेल्यावर उभं राहून नमस्कार करा. मी म्हटलं, सवय गेली रे!"

मग काय विचारता! सगळी खोली हसली. कपाटाचे पाय कुठे कापले, पलंग कसा जमिनीवर आला, कुणापासून काय लपवलं, सगळं बाहेर आलं. कन्या हसता हसता रडली. मास्तरांना वर्षानुवर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. "मी तुम्हाला उभा राहून निरोप देणार," ते म्हणाले. "वाकडा का होईना, पण उभा!"

व्याही निघाले. मुलगा गाडी घेऊन खाली न्यायला येणार होता. मास्तरांनी पुढे होऊन दाराची कडी काढली, दार आत ओढलं.

समोर भिंत होती. नीट रंगवलेली. सुकलेली.

भिंतीच्या पलीकडे, जिन्यात, पावलं वाजली. वर गेली. खाली आली. मग होणाऱ्या जावयाचा आवाज, अगदी जवळून: "अहो वॉचमन, चौथा मजला कुठाय?"

"चौथा? साहेब, सहा मजल्यांची इमारत ही. हा तिसरा, त्याच्यावर हा शेटजींचा."

"असं कसं? मी आधी आलोय इथे!"

"दुसरी इमारत असेल. सगळ्या सारख्याच दिसतात."

कन्या भिंतीवर हात आपटू लागली. आणि मग काटकोन मास्तरांनी, ज्यांनी जन्मभर घरातला शब्द दाराबाहेर जाऊ दिला नाही, छाती भरून घेतली आणि ओरडले. "आम्ही इथे आहोत! अहो, इथे आहोत आम्ही! आमचं छत खाली आलंय! आम्हाला कमी पडतंय, सगळं कमी पडतंय!" व्याही ओरडले, दोघी बायका ओरडल्या. लोकांनी ऐकावं म्हणून ओरडले. पावलं क्षणभर थांबली, आणि खाली निघून गेली.

"पलंगाखालचं काढ," मास्तर कन्येला म्हणाले.

वर्तमानपत्रात गुंडाळलेले दांडीचे तीन तुकडे अखेर उपयोगी पडले. एक मास्तरांनी घेतला, एक व्याह्यांनी, एक कन्येने. ठक, ठक, ठक. छत आता इतकं पातळ होतं, किंवा इतकं जवळ होतं, की वरचं कुजबुजणंही ऐकू येत होतं.

"खालून काहीतरी वाजतंय रे," शेटजींचा आवाज म्हणाला. भला आवाज होता, झोपमोड झालेला. "खाली कोण राहतं?"

"खाली तिसरा मजला, साहेब. तिथली माणसं कामावर गेलीत."

"मग मधे कोण?"

"मधे काही नाही, साहेब. उंदीर असतील."

"मग पिंजरा लाव. मारू नकोस हं, पाव ठेव त्यात."

दांडीचा तुकडा मास्तरांच्या हातातून गळून पडला. ते सावकाश गुडघ्यांवर बसले, रांगत भिंतीपाशी गेले, भेगेला तोंड लावलं आणि बोटाने दोनदा वाजवलं.

आत, तितक्याच हळू, कुणीतरी उत्तर दिलं. टकटक. टकटक. टिंग.

"काका?"

"बोला, मास्तर." आवाज दोन विटांमधून आल्यासारखा चपटा होता, पण होता काकांचाच. "पाहुणे येऊन गेले का?"

"माफ करा हो, काका," ते म्हणाले. "आम्ही तुम्हाला उंदीर समजलो."

"असू दे, असू दे. पाव तर मिळत होता. तो का बंद केलात, एवढंच विचारायचं होतं." मग काका ओशाळून म्हणाले, "आम्ही तरी काय! पलीकडच्या भिंतीत खसफसायचं, तर आम्ही झुरळं समजून औषध मारलं."

"पलीकडे? पलीकडे तर आता कुणीच नव्हतं ना?"

"नीट ऐका," काका म्हणाले. "तुमचा तो पंखा बंद करा आधी."

कन्येने बटण दाबलं. पंखा मंदावला, एकेक पातं दिसू लागलं, आणि थांबला. तेव्हा त्यांना ऐकू आलं. एका भिंतीतून नाही. चारही भिंतींतून, जमिनीतून, दारापलीकडच्या भिंतीतून, दूरदूरपर्यंत, कुणीतरी वाजवत होतं. शेजाऱ्यांना त्रास होणार नाही इतपत, अगदी हळू.